हँडलवाल्यांचं घर

आबांच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका दुकानावर आली तेव्हा मी एका माणसाशी गंजक्या पत्र्याच्या भावावरून भांडत होतो. पत्रिका जाड, चकचकीत. वर गणपती आणि गणपतीखाली तो फोटो. आमच्या घराण्यातला जुना म्हणावा असा हा एकच. निजामाच्या काळातली कापडी टपाची मोटार आणि मागच्या सीटवर फेटा बांधून बसलेले माझे थोरले आजोबा, म्हणजे आबांचे वडील. खाली सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'पंचक्रोशीतील पहिली मोटार, आमच्या पणजोबांची'. मूळ फोटोत मोटारीच्या पुढे, दिव्याला लागून, आणखी एक माणूस उभा आहे. तो माझा सख्खा आजा, थोरल्या आजोबांचा धाकटा भाऊ. पत्रिकेत तो नव्हता. कापला होता. पण सगळा कापायचा तर मोटारीचा दिवाही गेला असता, म्हणून दिव्याशेजारी मनगटापुढचा एक हात राहिला होता आणि त्या हातात वाकडा लोखंडी दांडा. मी पत्रेवाल्याला म्हणालो, "उचल तुझा पत्रा. फुकट दिला तरी नको." तो बिचारा बघतच राहिला. त्या सौद्यात माझा चांगला फायदा होता. राग आला की माझं हे असंच होतं, आणि वय झालं म्हणून त्यात काही फरक पडलेला नाही.

नवरदेवाला फोन लावला. "काका, फ्रेममध्ये बसत नव्हतं हो," तो म्हणाला. त्याला वाटलं विषय संपला. म्हणून हे लिहायला बसलो. फ्रेममध्ये जे बसत नाही ते कुठंतरी बसवलं पाहिजे.

आमचं घर हसनाबादचं. आबांचं आणि आमचं घर एकाच भिंतीला पाठ लावून होतं. आबा माझ्या वडिलांचे, नानांचे, चुलत भाऊ. आजा गेला तेव्हा नाना दोन वर्षांचे होते, त्यामुळं वाटणी कशी झाली ते सांगायला आमच्या बाजूनं कुणी मोठा पुरुष नव्हता. रस्त्याकडची बैठक, माडी आणि फोटो तिकडं गेला. मागचे दोन खण आणि गोठा आमच्याकडं आला. विहीर तेवढी सामाईक राहिली, कारण विहिरीत भिंत घालता येत नाही. मोटार कुठं गेली ते कुणालाच नीट सांगता येत नसे. रझाकारांच्या धामधुमीत कुणीतरी नेली म्हणायचे. असेल.

गोठ्याचं म्हणून सांगतो, त्यात काही कमीपणा मी मानला नाही. मायच्या हातची भाकरी चुलीवर फुगायची तिचा वास आणि पलीकडून येणारा गाईच्या अंगाचा उबदार वास असे एकमेकांत मिसळलेले असत की मला आजही एकाशिवाय दुसरा येत नाही. सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा, दिवेलागणीला येसराची आमटी, त्यात भाकरी चुरून. आबांच्या घरी कपबशीत चहा मिळे, आमच्याकडं जर्मनच्या वाटीत. आणि आमच्या घराला एक आवाज होता. जनावरं आत घेतली की नाना गोठ्याच्या दाराला आतून एक लोखंडी दांडा आडवा टाकायचे. दोन ठिकाणी काटकोनात वाकलेला, हाताएवढा लांब. त्याचं एक टोक भिंतीतल्या कडीत अडकवायचं आणि दुसरं सोडून द्यायचं. ते दगडी चौकटीवर आदळून 'खण्ण' असा घंटेसारखा आवाज यायचा. तो आला की माय चुलीवरून तवा उतरवायची. नाना हात धुवायचे. आमचा दिवस त्या आवाजानं संपायचा. दांड्याच्या टोकाला तीन दात होते, मधे खाचा. लहानपणी त्या खाचांत मी बोटं बसवायचो. तीन बोटं बरोबर बसायची.

आबांच्या बैठकीत तो फोटो दाराच्या अगदी समोर लावला होता, आत येणाऱ्याची पहिली नजर त्यावरच पडावी असा. पाहुणा टेकला की आबा छडीनं दाखवायचे. "हे आमचे वडील. ही मोटार. जालन्याच्या पुढं अशी गाडी त्या वक्ती कुणाकडं नव्हती." मग छडी खाली यायची. "आन हा पुढचा म्हंजे आपल्या सखारामचा बाप. मोटारीवर व्हता. गाडी चालू कराया हँडल मारायचा." सखाराम म्हणजे आमचे नाना. आबा 'नोकर' असं कधीच म्हणाले नाहीत. 'मोटारीवर होता' एवढंच. ऐकणारा उरलेलं आपलं आपण भरून घ्यायचा. नाना बैठकीत असले तर उंबऱ्याजवळ बसलेले असायचे, मान खाली. आणि गावानं आमच्या घराला नाव पाडलं, हँडलवाले.

शाळेत मला भगवान कुणी म्हणत नसे. "ए हँडल, मार की!" आबांच्या नातलगांची पोरं पाटावर पाट ठेवून मोटार करायची. बसायचं त्यांनी. मी पुढं वाकून हात गोल गोल फिरवायचा आणि तोंडानं घर्रर्र करायचं. एकदा मी म्हणालो, आज मी बसतो. तर आबांचा धाकटा म्हणाला, "फोटोत बसलाय का तुझा आजा?" मी पाट उचलून त्याच्या डोक्यात घातला. त्याला टाके पडले, मला नानांनी मारलं, आणि मारून झाल्यावर नाना गोठ्यात जाऊन बसले. एवढ्या लहान वयात मला एक मात्र कळलं, की हा माणूस चिडत नाही म्हणून लोक याला दाबतात. मी चिडायचं ठरवलं.

दहावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गणितातच पास झालो. मग शिक्षण सोडलं. त्या वर्षी भोकरदनकडून सायकलवर एक भंगारवाला यायचा. लोखंडाच्या बदल्यात बायांना खारीक-खोबरं द्यायचा, पोरांना गारीगार. मी दोन आठवडे नुसता त्याचा काटा बघितला. तागडी उचलताना तो करंगळी कुठं लावतो ते मला कळलं आणि त्या दिवशी मला माझा धंदा सापडला. मी घरातलं सगळं लोखंड गोळा केलं. मोडका फाळ, बैलगाडीच्या धावेचा तुकडा, फुटकी घमेली. आणि गोठ्याचा दांडा.

"ते राहू दे," नाना म्हणाले. "माझ्या बापाचं हाय. माझ्या मायनं सांगितल्तं, हे इथून हलवू नको."

"काहून पण?"

"ते न्हाई सांगितलं तिनं."

"तुमच्या बापानं ठेवलं काय, तर दाराचा अडसर!" मी म्हणालो. "बैठक त्यांना, माडी त्यांना, आन आपल्याला हे. याची पूजा करायची का आता?"

नानांनी कडीतून दांडा स्वतः काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. ते पुसणं मला तेव्हा दिसलं, समजलं नाही. भंगारवाल्याशी मी सकाळपासून दुपारपर्यंत घासाघीस केली. करंगळी हलवली की हात धरायचो. शेवटी तो म्हणाला, "बाबा रे, तू लोखंड ठिव आन माजी तागडीबी घे, पर मला जाऊ दे." मी खरंच तागडी घेतली. लोखंडाच्या बदल्यात त्याची जुनी तागडी आणि वजनं. पुढं ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे, व्यापाऱ्यांच्या बैठकीत, पोरांच्या सोयरिकीत, 'माझा पहिला सौदा' म्हणून. लोक हसतात, टाळ्या देतात. त्या दिवसापासून गोठ्याच्या दाराला बाभळीची काठी लागली. माय म्हणायची, "दार लागलं का न्हाई, कळतच न्हाई बाई."

तागडीवरून मी सायकलवर आलो, सायकलवरून जुन्या जालन्यात एका स्पेअरपार्टच्या दुकानात कामाला, आणि कामावरून दुसऱ्याच्या वखारीत निम्म्या भागीदारीवर. तेवढ्यात शोभाला, माझ्या धाकट्या बहिणीला, कुंभार पिंपळगावचं स्थळ आलं. आमच्याकडं पाहुणे बसवायला जागा नव्हती, म्हणून आबांनी मोठ्या मनानं बैठक दिली. मोठ्या मनाच्या माणसांची मला तेव्हापासून भीती वाटते. पोहे झाले, मुलीचा हात बघून झाला, आणि मुलाच्या मामानं फोटोकडं बोट केलं. आबांची छडी तयारच होती. "...आन हा पुढचा, मुलीचा आजा म्हना ना. मोटारीवर व्हता." मुलाच्या आईनं आपल्या भावाकडं बघितलं. एवढंच झालं. लग्न मोडलं नाही. मोडलं असतं तर बरं झालं असतं असं मी रागात म्हणतो, खरं तर जावई चांगला माणूस निघाला. पण पंचमीला शोभा माहेरी आली तेव्हा तिच्या तळहाताला घट्टे पडले होते.

"पंप मी एकटीच मारते," ती म्हणाली. त्यांच्या वाड्यासमोरच सरकारी हातपंप होता. "जावा रांगेत उभ्या राहत्यात. सासूबाई म्हनत्यात, सूनबाई, तुमीच मारा, तुमच्या घरात वाडवडलापासून हँडल मारायची सवय हाय." हे सांगताना ती हसत होती. मग हसता हसता थांबली. "दादा, खरंच व्हता का गं आपला आजा नोकर?" मला 'गं' म्हणायची ती लहानपणापासून, चिडवायला. त्या दिवशी चिडवत नव्हती, चुकून आलं.

मी तिला म्हणालो, "पुढच्या पंचमीपर्यंत सांगतो." शब्द देऊन बसलो.

आता प्रश्न असा की मोटार ओळखायची कशी. मोटारीचं नाव कळलं तर तिचा काळ कळेल, कुणी विकली, कुणाच्या नावावर घेतली ते काढता येईल, असा माझा हिशोब. पण मोटारीचं नाव रेडिएटरवर जिथं लिहिलेलं असतं बरोबर तिथं माझ्या आजाचा कोपर आहे. अख्ख्या फोटोत त्याला तेवढीच जागा मिळाली होती टेकायला! गावात जो तो वेगळं नाव सांगे. कुणी विलायती म्हणे, कुणी अमेरिकन, पोस्टमन तर जपानी म्हणाला. मी आबांकडं फोटो मागितला, आठ दिवसांसाठी. आबा म्हणाले, "भगवान, फोटो घराबाहेर जात न्हाई." कॉपी काढून देतो म्हणालो, नाही. काच मी नवी बसवून देतो म्हणालो, नाही. मी गिऱ्हाइकाकडून दगडाचेही पैसे काढतो, पण ज्याला काहीच नको त्याच्याशी सौदा होत नाही. आबांना काही नको होतं, कारण फोटो त्यांच्याकडं होता.

जुन्या जालन्यात आमच्या वखारीच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांचे वडील एका जिनिंगवाल्या शेठची मोटार चालवायचे, आणि उस्ताद त्या मोटारीच्या मागच्या सीटवरच लहानाचे मोठे झाले असं ते सांगत. मी त्यांना फोटोचं तोंडी वर्णन केलं. त्यांनी विडी विझवली. "ऐसा मुहजबानी नक्को. दिखाव."

"फोटो येत न्हाई उस्ताद. तुम्हीच चला."

"मेरेकू क्या मिलता?"

एका जुन्या इंजिनाचा कार्बोरेटर ते वर्षभर शोधत होते. तो माझ्याकडं होता. मी तो त्यांच्यापासून लपवला होता, भाव चढावा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद माझ्या गाडीवर मागं बसून हसनाबादला आले, खिशात घड्याळजीचं भिंग.

आबांना नाही म्हणता येईना. मुसलमान म्हातारा, पांढरी दाढी, दारात येऊन सलाम करतोय. बैठक भरली. आबांची मुलं, सुना दाराआड, शेजारचे दोघं-तिघं. नाना नेहमीप्रमाणं उंबऱ्याजवळ. उस्ताद स्टुलावर चढले, काचेला नाक लावलं आणि भिंग फिरवत राहिले.

"काय दिसून राह्यलं?" आबांनी विचारलं.

"सबर करो पटेल. चाक में लकडी के आरे. बारा. रेडिएटर का कंधा गोल, मटके सरीका." ते खाली उतरले, परत चढले. "हौ. डार्टन है ये. मेरे बावा के शेठ के पास यहीच थी."

डार्टन. हे नाव खरंच असं होतं की त्यांच्या जिभेवर घासून तसं झालं, मला माहीत नाही. कंपनी केव्हाच बुडाली, ते म्हणाले. माझ्या मुलानं अलीकडं संगणकावर शोधलं, काही सापडलं नाही. पण त्या दिवशी बैठकीत कुणाला काही शंका आली नाही, कारण उस्ताद मोटारीबद्दल असं बोलत होते जसं एखादा घरच्या म्हशीबद्दल बोलतो.

"पटेल, ये सामने कौन खडा है?"

"तो हँडल मारायचा. क्लीनर म्हना."

उस्ताद हसले. त्यांच्या तोंडात चारच दात होते. "क्लीनर? पटेल, हँडल मारनेवाला झुकता. हँडल गाडी के सुराख में रहता. ये तो सीदा खडा है, छडी सरीका पकड के. सुनो. इस गाडी को चाबी नहीं थी. सेल्फ नहीं था. हँडलच चाबी. दूसरी गाडियों के हँडल को दो दात रहते, इसको तीन. दूसरा कोई हँडल लगताच नहीं. शाम हुई की शेठ खुद हँडल निकाल के घर में ले जाते थे. मेरे बावा ने बीस साल गाडी चलाई, हँडल एक रात घर नहीं लाये. डायवर के हाथ में कौन देता? गाडी लेके भाग गया तो?" त्यांनी काचेवर बोट ठेवलं, माझ्या आजाच्या हातावर. "फोटू में हँडल पकड के वहीच खडा रहता जिसकी गाडी. पीछे मेहमान को बिठाते. बडे भाई को इज्जत से बिठाया होगा."

दाराआड बांगड्या वाजल्या. मी नानांकडं बघितलं. त्यांनी मान वर केली होती. आबांच्या बैठकीत त्यांची मान वर झालेली मी पहिल्यांदा बघत होतो, आणि मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण उस्तादांनी 'तीन दात' म्हणताना तीन बोटं वाकवून दाखवली होती, आणि माझ्या उजव्या हाताची तीन बोटं आपोआप तशीच वाकली. त्या खाचा बोटांना आठवत होत्या.

आबा कच्चे नव्हते. छडीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "बराबर. मानलं. ज्याची गाडी त्याच्या घरात हँडल. आमच्या घरात तर न्हाई. मंग सखाराम, तुझ्या घरात असंल. घिऊन ये बरं. मी आत्ता हा फोटो उतरवून तुझ्या हातात देतो. सगळ्यांसमोर."

आबा शब्दाचे पक्के होते, हे शत्रू असूनही सांगतो. त्यांनी दिला असता.

नाना हळूच उठले. "व्हतं," ते म्हणाले. "माझ्याच घरात व्हतं. माझ्या हातून इहिरीत पडलं. बादली अडकल्ती, काढाया गेल्तो."

"इहिरीत?"

"व्हय. दोन साल झालं."

आबांचा धाकटा हसला, मग सगळेच. "वा! काका, गाडी रझाकारानं नेली, हँडल इहिरीनं नेलं. तुमच्याकडं राह्यलं काय?" उस्तादांना ते हसणं आवडलं नाही. चहा न घेता उठले.

मागच्या वाटेनं घरी येताना मी नानांना म्हणालो, "खोटं काहून बोल्ले?"

"मंग काय सांगू? पोरानं तागडीसाठी बापाचं लोखंड इकलं, हे आबाच्या बैठकीत सांगू? त्याला तेवढंच पायजे व्हतं." थोडं चालून म्हणाले, "मीच दिलं ना तुझ्या हातात."

शोभाला मी पंचमीला सगळं सांगितलं, फक्त दांड्याचं सांगितलं नाही. विहिरीचंच सांगितलं. ती म्हणाली, "मंग पुरावा न्हाईच ना." न्हाईच.

पुढं काही वर्षांनी असा उन्हाळा आला की सामाईक विहिरीचा तळ दिसायला लागला. आबांनी गाळ काढायचं ठरवलं आणि पारावर सांगितलं, "पान्याचं पानीबी व्हईल आन आमच्या सखारामचं हँडलबी घावंल." तोपर्यंत माझी स्वतःची वखार झाली होती. मी काय केलं ते आता सांगायला हरकत नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडून जुन्या लोखंडाचा तसाच दांडा करून घेतला, दोन ठिकाणी वाकवलेला, टोकाला तीन दात. मिठाच्या पाण्यात बुडवून ओल्या भुशात पुरला. महिन्याभरात असा गंजला की मी स्वतः विकत घेताना फसलो असतो. पोत्यात गुंडाळून हसनाबादला नेला. नाना गोठ्यात होते.

"गाळ काढायच्या आधी टाकून देऊ," मी म्हणालो. "घावलं की फोटो आपला. आबा शब्द फिरवनार न्हाई."

नानांनी दांडा हातात घेतला. दोन्ही तळव्यांवर तोलला. खाचांवरून अंगठा फिरवला. "जड हाय," ते म्हणाले. "ते हलकं व्हतं."

"कुणाला कळनारे?"

"माझ्या बापाच्या हातातलं न्हाई हे. हे घिऊन मी त्याचा फोटो मागू?" त्यांनी बाभळीची काठी काढून टाकली आणि माझा दांडा कडीत अडकवला. "हितं ऱ्हाऊ दे. कामाचं हाय."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. नाना गाईला पाणी दाखवत राहिले.

तीन दिवस गाळ निघत होता. सात बादल्या निघाल्या, एक पितळी घागर, आबांच्या सुनेचं हरवलेलं पैंजण. तिसऱ्या दिवशी तळाचा खडक लागला. अर्धं गाव काठावर. आबा म्हणाले, "सखाराम, सगळ्याचं घावलं. तुझंच तेवढं घावलं न्हाई."

"न्हाई घावलं," नाना म्हणाले.

"मंग नव्हतंच म्हन की."

नानांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, आठवण करून द्यायलाही नाही. नुसतं बघितलं, मी तिथं आहे का ते बघावं तसं. मी होतो. पांढरा सफारी, नवी गाडी, गावातली पोरं मला भगवानशेठ म्हणत होती. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते, हँडल होतं, मी विकलं. फोटो मिळाला नसता, पण माझा बाप खोटारडा ठरला नसता. मी आयुष्यात पै-पैशावरून हजार माणसांशी भांडलो, आणि त्या काठावर मला चार शब्द परवडले नाहीत. मी एका गड्यावर खेकसलो, "टोपली सरळ धर ना रे!" त्याची टोपली सरळच होती.

त्या संध्याकाळी नानांनी गोठ्याचं दार लावलं. 'खट्ट' असा आवाज आला. माय तव्याकडं हात नेऊन थांबली, मग म्हणाली, "ह्ये न्हाई तसं वाजत." नाना म्हणाले, "नवं हाय. वाजंल हळूहळू." ते गेले तोपर्यंत रोज खट्टच वाजलं.

आता नाना नाहीत, आबाही नाहीत. पारावर अजून ती गोष्ट सांगतात, सखारामनं कसं विहिरीचं नाव पुढं केलं. मी अजून माझा पहिला सौदा सांगतो, किंवा पत्रिका येईपर्यंत सांगत होतो. त्या दिवशी पत्रेवाला गेल्यावर मी दुकानाचं भिंग काढलं. त्या पोरानं फोटो संगणकावर मोठा करून, डाग पुसून छापला होता. जे उस्तादांना काचेमागं दिसलं नसतं ते मला दिसलं. हात माझ्या आजाचा, आणि दांड्याच्या टोकाला एक, दोन, तीन दात. मी माझी बोटं कागदावर ठेवली. आता ती जाड झाली आहेत, बसली नाहीत.

तसाच शोभाला फोन लावला. सगळं सांगितलं, या वेळी तागडीसकट. ती ऐकत होती. मागं भांडी वाजत होती, नातवंडं ओरडत होती. म्हणालो, "शोभा, मोटार आपलीच व्हती. पुरावा माझ्या हातात हाय. सासरी सांग सगळ्यांना."

"कुणाला सांगू दादा?" ती म्हणाली. "सासूबाईला जाऊन धा वर्सं झाली. जावा येगळ्या राहत्यात. आन हातपंप तर मोडून नेला कवाच, घरोघर नळ आले." मग तिनं विचारलं, "तो पंप तुझ्याच वखारीत आल्ता का रे?"

ती हसत होती. मी फोन ठेवला. आला असेल.